उलगडलेला जबडा

त्यांना काय म्हणून हाक मारायची, हा आमच्या केंद्रातला कायमचा प्रश्न होता. 'सर' म्हटलं की ते म्हणायचे, "सर शाळेत असतात." 'काका' म्हटलं तर, "माझ्या भावाला मुलं नाहीत." आडनावाने हाक मारली तर मान वर करायचे, पण पोस्टमनने चुकीच्या घराची कडी वाजवावी तसा चेहरा करून. शेवटी सगळ्यांनी एकच तोड काढली होती: नुसतं 'अहो'. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम त्यांना 'अहो' म्हणायच्या, झाडलोट करणाऱ्या मावशीही 'अहो' म्हणायच्या. मी यवतमाळची. लग्न व्हायचं होतं, आणि असा शब्द एका साठीला टेकलेल्या गृहस्थांना सगळ्यांदेखत कसा वापरायचा ते मला समजेना. पहिले पंधरा दिवस मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन नुसती खोकत असे.

"औषध घ्या," ते स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायचे. "नाहीतर बोला."

केंद्र नारायण पेठेत, पंचांगांच्या आणि वह्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्याला. आमच्याकडे फक्त दातांचे आणि जबड्यांचे स्कॅन होत. पेशंटने हनुवटी एका टेकूवर ठेवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालतं, आणि पुढचं सगळं काम कॉम्प्युटरवर. आता जबडा असतो घोड्याच्या नालेसारखा वाकडा, आणि दातांच्या डॉक्टरांना तो पाहायचा असतो सरळ. म्हणून जबड्याचा आडवा काप, म्हणजे चकती कापल्यासारखं चित्र, पडद्यावर घ्यायचा, त्याच्या कमानीवरून माउसने एकेक टिंब ठेवत जायचं, आणि टिंबं जोडून झालेल्या वाकड्या रेघेवरून सॉफ्टवेअर तो जबडा उलगडतं. या कानापासून त्या कानापर्यंत एक सपाट पट्टी समोर येते. मग खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस तिच्यावर लाल रेघेने दाखवायची. त्या रेघेवरून डॉक्टरांना कळतं की नवा दात बसवायला स्क्रू किती खोल न्यायचा आणि कुठे थांबायचं. सगळा खेळ त्या दोन रेघांचा. कमानीची रेघ जराशी भरकटली तर धडधाकट हाड चित्रात नाहीसं होतं, आणि नसेची चुकली तर काय होतं ते पुढे येईलच.

नसेची ही रेघ अहो हाताने ओढत. सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप ओढणारं बटण होतं, त्यावर 'ऑटो' असं लिहिलेलं. पहिल्या दिवशी मी उशिरा पोचले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कशाने आलात?"

"ऑटोने आली," मी म्हटलं. आमच्याकडे तसंच म्हणतात.

"पुण्यात ऑटो नसतो. रिक्षा असते, आणि ती 'नाही' म्हणते." मग त्यांनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. त्या बटणावर त्यांनी मलमपट्टीची पांढरी चिकटपट्टी चक्क काचेवरच डकवली होती. "इथेही ऑटो नसतो."

मी हसले. ते हसले नाहीत. विनोद करून न हसणं ही त्यांची जुनी सवय होती, पण हा विनोद नव्हता हे मला फार नंतर कळलं.

माउसला हात लावायची परवानगी मला सव्वा महिन्याने मिळाली. तोवर काय, तर सुतळी. त्यांच्या खणात प्लास्टरचे सात-आठ जबडे होते, कुठल्या कुठल्या दवाखान्यांनी टाकून दिलेले. त्यांना त्यांनी पेठांची नावं दिली होती. सदाशिव अरुंद आणि चिडका, सोमवार ऐसपैस, शुक्रवारचे तीन दात पडलेले. रोज सकाळी एक जबडा समोर ठेवायचा, ओली सुतळी बरोब्बर हाडाच्या मधोमध लावायची आणि मग ती उचलून टेबलावर सरळ करायची. "हाताला वळण कळलं पाहिजे," ते म्हणायचे. "डोळ्याला काय, काहीही सरळ दिसतं." शास्त्र घेऊन बारावी, मग दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि मी सुतळी लावतेय. घरी आईला फोनवर काय काम करते ते सांगायची सोय नव्हती.

त्यांचं आधीचं आयुष्य डार्करूममध्ये गेलं होतं, एक्स-रेच्या फिल्म धुण्यात. त्यामुळे जे काही पक्कं झालेलं नसेल त्याला ते 'ओली आहे' म्हणत. रिपोर्ट तयार आहे का? ओली आहे. मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं का? ओली आहे म्हणे अजून. मी दिवाळीच्या रजेचा अर्ज दिला, त्यांनी तो हातात धरून दिव्यासमोर नेला, निरखून पाहिला आणि परत दिला. "ओली आहे. मंगळवारी बघू."

पेशंटशी ते ज्या तऱ्हेने बोलायचे, तो ऐकणाऱ्याला आधी उद्धटपणाच वाटायचा. स्कॅन चालू असताना जबडा हलला की सगळं वाया. तर ते म्हणायचे, "गिळू नका. गेली पन्नास वर्षं गिळताय, वीस सेकंद थांबा." एका बाईंनी विचारलं, दुखेल का हो? "यंत्र तुम्हाला हात लावत नाही. आम्हीही लावणार नाही." पण तेच यंत्राच्या खोलीत जाताना म्हाताऱ्या माणसांच्या चपला उचलून कोरड्या जागी ठेवायचे, आणि कुणी पाहिलं तर म्हणायचे, "वाटेत येतात."

आणि एक रिवाज कधीही मोडला नाही. सकाळी चहा घेता घेता आदल्या दिवशीच्या सगळ्या रेघा पुन्हा उघडून पाहायच्या. काम झालेलं असो, चित्रं गेलेली असोत. "संध्याकाळी सगळंच बरोबर वाटतं," ते म्हणत. "माणूस दमलेला असतो, त्याला घरी जायचं असतं." प्रत्येक चित्राखाली रेघ ओढणाऱ्याची आद्याक्षरं आणि पुढे 'हाताने' असा शब्द टाइप करायचा, हाही त्यांचाच नियम.

श्रावणातली गोष्ट. वारज्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी एक पेशंट पाठवला. पन्नाशीचे, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत काय, तर सनई. सनई घरी ठेवून आपण कुठेच जात नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. वारज्याच्या पलीकडच्या गावातले, आता ते गावही शहरातच आलंय. पुण्यातल्या मंगल कार्यालयांच्या दारात वाजवायचं काम, बापापासूनचं. खालचे डावीकडचे दोन दात गेले होते, आणि दात गेल्यापासून ओठाला आतून आधार राहिला नव्हता.

"फुंक सुटती ताई," ते मला म्हणाले. "तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू व्हत्याल. तवर दात बसाय पायजेत."

"बसतील की."

"त्ये खरं. पर आमच्यातल्या एकानं दात बसिवले आन त्याचा खालचा व्हट बधिर झाला. नस दुखावली म्हनं. कवाच आला न्हाई परत. त्यानं आता रिक्षा घेतलीया." ते क्षणभर थांबले. "माझा व्हट जानार न्हाई न्हवं?"

"नाही काका," मी म्हटलं. "त्यासाठीच तर हे स्कॅन आहे."

यंत्रापुढे ते असे उभे राहिले की दगड बरा. अहोंनी आपलं ठरलेलं वाक्यही पुरं केलं नाही. स्कॅन झाल्यावर म्हणाले, "असा पेशंट मी पाहिला नाही."

"दम धरायचंच तर खातो मी," काका म्हणाले. अहो चक्क हसले. मी तारीख लिहून ठेवणार होते.

त्याच दुपारी अहोंची थोरली बहीण गावी परत निघाली होती, म्हणून ते तिला बसमध्ये बसवून द्यायला स्वारगेटला गेले. बस साडेचारची, हे निघाले अडीचला. बाहेर नऊ पेशंट बसलेले. तेवढ्यात वारज्याच्या डॉक्टरांचा फोन: सनईवाल्यांची चित्रं आजच हवीत, उद्या अकरा वाजता ऑपरेशन.

चिकटपट्टी पडद्यावर लावली होती, बटणाला नव्हे. सॉफ्टवेअरची खिडकी जरा डावीकडे सरकवली की बटण पट्टीखालून आपसूक बाहेर यायचं. हे मला माउस हातात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी खिडकी सरकवली आणि बटण दाबलं. तीन सेकंदांत लाल रेघ तयार, अगदी देखणी. मागच्या बाजूचे दोन-तीन काप उघडून पाहिले, नस रेघेवरच होती. खाली माझी आद्याक्षरं टाकली आणि पुढे टाइप केलं, 'हाताने'. डॉक्टर मॅडमनी सही केली, चित्रं गेली. मी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहो नेहमीसारखे चहा घेऊन बसले. थोड्या वेळाने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ही तुम्ही ओढलीत?"

"हो."

"हाताने?"

"हो."

त्यांनी रेघ मोठी करून पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "माणसाची रेघ थरथरते. तुमची तर फारच थरथरते. ही कुठेच थरथरत नाही."

त्यांनी पुढच्या दातांच्या बाजूचे काप एकेक करून उघडले. नस हाडातून बाहेर पडण्याआधी थोडी पुढे जाते, वळसा घेते आणि मागे येऊन बाहेर पडते. सगळ्यांत तो वळसा सारखा नसतो. या काकांचा चांगला लांब होता. यंत्राने तो वळसाच खाल्ला होता आणि रेघ सरळ बाहेर काढली होती. आणि पुढचा स्क्रू नेमका त्याच जागी बसायचा होता, जिथे चित्रात निव्वळ हाड दिसत होतं.

मी रडायला लागले. "मी ऑटो दाबलं होतं," एवढंच म्हणाले.

"आत्ता रडू नका. सव्वानऊ झालेत. अकरानंतर रडा."

त्यांनी नवी रेघ ओढायला घेतली. मी मागे उभी राहून तळमळत होते आणि ते एकेक टिंब ठेवत होते, प्रत्येक टिंबाला काप उघडून, पाहून, परत येऊन. "अहो, लवकर!" मी ओरडले. तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच सहज निघाला. "घाई आहे म्हणून हळू काढतोय," ते म्हणाले. तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनाही घाम फुटला, पण त्यांचं म्हणणं पडलं की नवीन चित्र पाठवून द्यावं आणि वर 'सुधारित आवृत्ती' लिहावं, उगाच केंद्राच्या नावाला बट्टा नको.

"दूध नासलं तर नासलं म्हणावं, मॅडम. पनीर केलंय म्हणू नये."

चित्र पाठवलं. फोन लावला. वारज्याची रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर पेशंटसोबत आहेत, डिस्टर्ब नाही करू शकत. तुमचे ते सनईवाले अंकल लवकर आलेत, सो त्यांनाच आधी घेतलंय." मी ते अहोंना सांगितलं. अहोंनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं. दुसरं हेल्मेट मावशींकडून मागून माझ्या डोक्यावर ठेवलं.

त्यांची स्कूटर तिसाच्या वर जात नसे, आणि त्या दिवशीही गेली नाही. कर्वे रस्त्याला प्रत्येक सिग्नलला ते थांबले, पिवळ्यालासुद्धा. मागे बसून मी सगळे देव आळवले, आमच्या यवतमाळचे आणि इथले. एका सिग्नलला मी म्हटलं, "काऊन थांबले जी?" इतकी मी घाबरले होते की आमची बोली बाहेर पडली.

"आपण पडलो तर रेघ कोण पोचवणार?" ते म्हणाले.

दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगी आडवी आली. अहोंनी चपला काढल्या, तिला नमस्कार केला आणि तिच्या बाजूने आत गेले. मी मागोमाग. खुर्चीत काका आडवे, तोंड उघडं, छातीवर हिरवं कापड. पोटाशी कापडी पिशवी धरलेली. डॉक्टर तरुण होते, हातात ड्रिल घेत होते.

"सुरू केलंत?"

"कोण तुम्ही? आत कसे आलात?"

"काल आम्ही पाठवलेली रेघ चुकीची आहे. पुढचा स्क्रू नसेत जाईल. नवी रेघ तुमच्या मेलवर आहे. ती पाहिल्याशिवाय कृपा करून हात लावू नका."

"व्हॉट? अहो, प्लॅन फायनल झालाय ऑलरेडी! भूल दिलीये मी!" डॉक्टरांनी ड्रिल खाली ठेवलं. चेहरा लालबुंद. "ही चूक कुणाची?"

अहो म्हणाले, "खाली केंद्राचं नाव आहे." मला ते झाकून घेत होते हे कळलं, आणि मला ते सहन झालं नाही.

"माझी," मी म्हणाले. "मी यंत्राला रेघ ओढायला लावली आणि खाली 'हाताने' असं खोटं लिहिलं."

तेवढ्यात काकांनी हात वर करून आपल्या ओठाला लावला, चाचपला, परत चाचपला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ग्येला," ते जड जिभेने म्हणाले. "ग्येला माझा व्हट."

अहो त्यांच्यापाशी गेले. "हा बधिरपणा इंजेक्शनचा आहे. तीन-चार तासांत जाईल. आमच्यामुळे आला असता तर गेला नसता. म्हणून आलोय."

डॉक्टरांनी नवीन चित्र उघडलं. पाच मिनिटं ते एकेक काप पाहत राहिले. मग आखूड स्क्रू मागवला, जागा थोडी मागे घेतली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. बाकावर बसल्यावर अहोंनी घड्याळ पाहिलं. "अकरा वाजून गेले," ते म्हणाले. "आता रडा." आणि मी खरोखर रडले. ते शेजारी बसून भिंतीवरचं दात घासण्याचं पोस्टर वाचत राहिले.

माझी नोकरी जायचीच होती. डॉक्टर मॅडमनी तसं बोलून दाखवलं. ते मला बाहेर ऐकू आलं, आणि अहोंचं उत्तरही. "हिला काढलंत तर नवीन मुलगी येईल आणि हीच चूक पहिल्यापासून करेल. हिची करून झालीय." मी राहिले, पण पुन्हा एक महिना सुतळी. सदाशिव, सोमवार, शुक्रवार, सगळ्या पेठा नव्याने. या खेपेला मी कुरकुर केली नाही. आता अहो निवृत्त होऊनही बरेच दिवस झाले, आणि नव्या मुलींना सुतळी मी लावायला देते. त्या माझ्यावर मनातून वैतागतात, ते मला दिसतं.

पण त्या वेळी मला एक गोष्ट टोचत राहिली होती. वारज्याहून निरोप आला होता की स्क्रू पक्के बसले, कार्तिकात दातही बसले, सगळं ठीक. मी हे अहोंना उत्साहाने सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण समाधान काही दिसेना. मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, कर्वे रस्त्यावरच्या अमुक एका कार्यालयाच्या दारात दहा वाजता या. मी विचारलं, कुणाचं लग्न? "मला काय माहीत," ते म्हणाले.

कार्यालयाच्या दारात फुलांची कमान, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली, आणि डावीकडे छोट्या चौथऱ्यावर चौघडा आणि सनई. काका वाजवत होते. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. अहो चौथऱ्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून, मान थोडी पुढे करून. सकाळी कापांमध्ये नस शोधायचे तसे ते बघत होते. लोक वाट काढत शेजारून जात होते. अहोंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, रेडिओ लागला तरी ते बंद करायचे. त्या दिवशी ते पंधरा मिनिटं तसेच उभे राहिले.

वाजवणं थांबलं तेव्हा काकांनी डोळे उघडले आणि आम्हाला ओळखलं. टोपी सारखी करत खाली वाकून म्हणाले, "साहेब! कसं वाटलं?"

"सुरातलं मला समजत नाही," अहो म्हणाले. "ओठ चांगला हलतोय."

काका मोठ्याने हसले आणि लगेच पुढचं सुरू केलं, कारण मुलाकडची मंडळी दारात आली होती. आम्ही निघणार, एवढ्यात फेटा बांधलेले एक गृहस्थ लगबगीने पुढे आले. यजमान असावेत. आमच्या अंगावर लग्नाचे कपडे नव्हते, हातात आहेर नव्हता, आणि आम्ही केव्हापासून दारातच उभे होतो. पुण्याच्या माणसाने असं पाहून गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"अहो, आपण मुलीकडचे का मुलाकडचे?"

मी शरमून मागे सरकले. अहो मात्र अगदी सरळ उभे राहिले.

"आम्ही वाजवणाऱ्याकडचे," ते म्हणाले.

गृहस्थांनी गोंधळून चौथऱ्याकडे पाहिलं. काकांनी ते ऐकलं होतं. सनई ओठांत होती, बोलता येईना. त्यांनी वाजवता वाजवताच जोरजोरात मान हलवली, म्हणजे हो, हो, माझीच माणसं आहेत ती.